ऑटोमॅटिक आहे, पिणारच!

आमच्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला ६.८ आहे असं कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं. "ऑटोमॅटिक आहे ना? मग पिणारच." ऑफिसात हेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही हेच. तिथे फक्त वर लेबर चार्ज लागायचा.

मी गेली कित्येक वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये आहे. एखादी नोंद कुठेच जुळेना की ती सस्पेन्स खात्यात टाकून मोकळं व्हायचं, ही अकाउंट्सवाल्यांची जुनी खोड मला चांगली ठाऊक आहे. आमच्या गाडीच्या बाबतीत 'ऑटोमॅटिक' हे तसलंच सस्पेन्स खातं झालं होतं. ट्रॅफिक, एसी, इथेनॉल, चौदा वर्षांचं इंजिन, नवऱ्याचा जड पाय, सगळं त्यातच जमा. मला ते खातं फोडून कुणाच्या नावावर किती पडतं ते बघायचं होतं.

गाडी २०११ ची. पेट्रोल, दीड लिटरचं इंजिन, चार गिअरचा जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, त्यात कंपनीचा काही दोषही निघाला नाही. घेतली ती नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यापायी. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत पोचेस्तोवर क्लच दाबून दाबून त्याचा पाय भरून यायचा. मी स्वतः ऑफिसला लोकलनेच जाते, त्यामुळे गाडीची कामं घरगुती. आईंना, म्हणजे सासूबाईंना, परळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, लेकीला पवईला क्लासला सोडणं, लग्नं-मुंजी, आणि गणपतीत देवरुख. वर्षाला साधारण सात हजार किलोमीटर होतात, त्यातले बहुतेक मुंबईतलेच.

मोजायची पद्धत साधी ठेवली. नेहमी एकाच पंपावर जायचं, टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की तिथेच थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. यात सगळ्यात अवघड काम पंपावरच्या मुलाला थांबवण्याचं. "मॅडम, राउंड फिगर करू?" असं विचारत त्याचा हात नोझलवर दाबलेलाच असतो. त्या राउंड फिगरमध्ये अर्धा-पाऊण लिटर जास्त गेलं तर आकडा पार भलतंच काही सांगतो. म्हणून एका टाकीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही, चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागते.

पुढची गोष्ट लक्षात यायला ओबीडीचा छोटा डोंगल उपयोगी पडला. स्टिअरिंगच्या खाली एक पोर्ट असतो, त्यात तो लावायचा आणि मोबाइलवर इंजिनचे आकडे बघायचे. ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो. नवऱ्याने "आता हे काय नवीन" म्हणून भुवया उंचावल्या, पण आठवड्याभरात सिग्नलला तोच माझ्या आधी स्क्रीनकडे बघायला लागला.

पहिली गोष्ट दिसली ती ही की मुंबईत गाडीचं पेट्रोल किलोमीटरवर जात नाही, तासांवर जातं. संध्याकाळी परळहून मुलुंडला यायचं अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. दादर, सायन, मग हायवेला लागून घाटकोपर, विक्रोळी, कांजूर. वाईट दिवशी पावणेदोन तास लागतात. म्हणजे सरासरी वेग ताशी पंधराच्या खाली, आणि त्यातला पाऊण तास गाडी चक्क उभी. एसी चालू, गिअर डीमध्ये (ड्राइव्ह) आणि पाय ब्रेकवर असताना आमचं इंजिन तासाला १.२ लिटर पितं असं डोंगल दाखवतो. म्हणजे एक इंचही न हलता जवळजवळ एक लिटर पेट्रोल गेलं. त्या वेळात किलोमीटर शून्य, त्यामुळे ॲव्हरेजच्या भागाकारात ते सगळं दुसऱ्या किलोमीटरांच्या डोक्यावर बसतं.

मॅन्युअलवालेही तिथेच उभे असतात हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांचं इंजिनही त्या पाऊण तासात पितंच, थोडं कमी इतकंच. ते 'थोडं' किती हेही मी बघितलं. डीऐवजी एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलला, टाकलं की १.२ चा आकडा १.० वर येतो. नवरा प्रत्येक सिग्नलला एन, डी, एन, डी असं करायचा आणि त्याला वाटायचं आपण मोठी बचत करतोय. दोन मिनिटांच्या सिग्नलला वाचतात सात मिलिलिटरसुद्धा नाहीत, म्हणजे सत्तर पैसे. पुढे ट्रॅफिक पार ठप्पच असेल तर जरूर एन करावं, पायालाही आराम. पण साठ सेकंदांच्या सिग्नलसाठी लिव्हर हलवत बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आणि चालत्या गाडीत, उतारावर एनमध्ये टाकणं तर नकोच. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच उतरलं तर इंजिन पेट्रोल जवळपास बंदच करतं, एनमध्ये उलट आयडलिंगसाठी त्याला पीत राहावं लागतं.

कंपनीच्या छापील आकड्याबद्दलही एकदाच बोलून घेते. आमच्या गाडीचा आकडा चौदाच्या वर होता. तो पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत निघतो. गाडी रोलरवर, एसी बंद, वेग जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर, आणि ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग. त्यात पवईला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मधेच यू टर्न घेणारा टँकर नसतो. वेगवेगळ्या गाड्यांची आपापसात तुलना करायला तो आकडा ठीक, पण पंपावर भांडायला त्याचा काही उपयोग नाही.

आता गिअरबॉक्सच्या नावावर खरंच किती पडतं ते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घट्ट जोड नसतो, मधे तेल असतं. इंजिनकडची पाती ते तेल फेकतात आणि गिअरबॉक्सकडची पाती त्या जोरावर फिरतात. म्हणूनच ब्रेक दाबून डीमध्ये उभं राहता येतं, इंजिन बंद पडत नाही. पण फेकलेल्या तेलातला सगळा जोर पलीकडे पोचत नाही, काही भाग नुसता तेल तापवण्यात जातो. हे नुकसान टाळण्यासाठी आत लॉक-अप क्लच असतो. एका लयीत गाडी चालायला लागली की तो दोन्ही बाजू घट्ट पकडतो आणि मग मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांत फार फरक उरत नाही. शहरातल्या रखडणाऱ्या ट्रॅफिकमध्ये लॉक-अप लागायची संधीच येत नाही. त्यामुळे 'ऑटोमॅटिक पिणारच' हे शहरापुरतं अर्धं खरं आहे. हायवेवर मात्र ते तितकंसं खरं असायला नको.

आणि माझा हिशेब नेमका तिथेच अडला होता. शहरात ६.८ समजू शकते. पण गणपतीत देवरुखला जाताना आमच्या गाडीने दिले १०.८. पेणच्या पुढचे खड्डे आणि माणगावची रांग धरूनसुद्धा हे फार कमी. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची साधारण तेवढ्याच वयाची, तसल्याच जुन्या ऑटोमॅटिकची गाडी त्याच रस्त्याने तेराच्या आसपास देते. ट्रॅफिकचा बहाणा हायवेला चालत नाही. शहराच्या आकड्यात काहीही लपून जातं, म्हणून मी शहर सोडून हायवेच्या मागे लागले.

रात्री अकरानंतर ईस्टर्न फ्रीवे बऱ्यापैकी मोकळा मिळतो. घाटकोपरच्या बाजूने चढलं की थेट पी. डिमेलो रोडपर्यंत सिग्नल नाही, आणि ताशी ८० च्या मर्यादेत एका लयीत गाडी चालवता येते. नवरा चालवत होता, मी शेजारी मोबाइल घेऊन. दोन गोष्टी दिसल्या. एक, ८० वर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा २,५०० च्या वर, आणि तोही डळमळता. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की काटा दोनशेने वर जायचा, पण वेग तिथेच. याचा अर्थ लॉक-अप लागलेलाच नव्हता, मधलं तेल घसरत होतं. दुसरी गोष्ट जास्त विचित्र होती. मुलुंडच्या सिग्नलला कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ८४ अंश होतं. फ्रीवेवर ते उतरायला लागलं. आणिकच्या बोगद्यातून बाहेर पडताना ७२, वडाळ्याला ६७. तपासायला परत फिरून आलो, घाटकोपरला खाली उतरून ट्रॅफिकमध्ये शिरलो, तर पुन्हा चढायला लागलं.

इंजिन जोरात पळतंय तेव्हा थंड आणि उभं आहे तेव्हा गरम! हे उलटंच झालं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा वॉल्व्ह, धड असेल तर आकडा नव्वदीच्या आसपास जवळजवळ हलत नाही.

आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. डॅशबोर्डवर थंड असताना एक निळा दिवा आणि फार तापली तर लाल. मधलं काहीच दिसत नाही. निळा दिवा विझला की आपण समजायचं झालं इंजिन गरम, तो विझतो मात्र बराच आधी. चेक इंजिनचा दिवाही कधी लागला नाही. त्यामुळे सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दर वेळी 'नो फॉल्ट' लिहून गाडी परत दिली, आणि प्रत्येक वेळी थ्रॉटल बॉडी क्लीनिंगचे पैसे तेवढे लावले.

मग भांडुपच्या एका मेकॅनिककडे गेलो. नवऱ्याच्या मित्राने सुचवलेला, बोलायला कमी, हात काळे. त्याला फ्रीवेवरचे स्क्रीनशॉट दाखवले. त्याने ते नीट बघितले, बॉनेट उघडलं, गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या नळीवर तळहात ठेवला. इंजिन थंड असताना ही नळी बराच वेळ थंडच राहायला हवी, कारण थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी रेडिएटरकडे जातच नाही. दोन मिनिटांत नळी कोमट.

"ताई, वॉल्व्ह उघडा राहिलाय. नाहीतर आहेच कुठे."

या दोहोंतलं दुसरं खरं होतं. त्याने हाउसिंगचे दोन बोल्ट काढले, हिरवं पाणी खालच्या तसराळ्यात सांडलं आणि आत टॉर्च मारून मला बघायला लावलं. पितळी चकती, स्प्रिंग, मधे मेणाची कुपी असं काहीतरी तिथे बसलेलं असायला हवं होतं. तिथे काहीच नव्हतं. रबरी रिंगची जागा रिकामी आणि तिच्या खाचेत तांबूस गाळ. "कुणीतरी काढून फेकलाय," तो म्हणाला. "जुने मिस्त्री करतात असं. गाडी तापली की पहिला वॉल्व्ह काढायचा. म्हणतात मुंबईत थंडी कुठे, कशाला पाहिजे."

त्या तर्कात गोम अशी की थर्मोस्टॅट हवेसाठी नसतोच. बाहेर तीस अंश असोत की पंधरा, नव्वद अंशांवर चालायला बनवलेल्या इंजिनला दोन्ही थंडच. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ऐंशी अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि मगच रेडिएटरची वाट उघडते. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, त्यात समोरून वारा. इंजिनचा कॉम्प्युटर बिचारा समजतो की गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. गिअरबॉक्सचं डोकंही हेच तापमान वाचतं. पाणी पुरेसं गरम होईपर्यंत अनेक ऑटोमॅटिक गाड्या लॉक-अप लावू देत नाहीत, आमचीही त्यातलीच. मॅन्युअल गाडीत हाच वॉल्व्ह काढला असता तर नुकसान एकेरी झालं असतं. इथे ते दुहेरी झालं, आणि वर नाव ऑटोमॅटिकचं.

कुणी आणि कधी काढला ते घरीच सापडलं. आमचे सासरे, अण्णा, गाडी चालवायचे तोवर ग्लव्ह बॉक्समध्ये एक लाल कव्हरची डायरी ठेवायचे. त्यांनी चालवणं सोडलं तशी डायरीही थांबली आणि ती माळ्यावर गेली. पेन्सिलने लिहिलेली, मराठी आकडे, प्रत्येक टाकीची नोंद. शहरात ९ च्या वर ॲव्हरेज आहे त्यात. मग २०१९ च्या मे महिन्यात एक ओळ: "कशेडी घाट. गाडी तापली. वॉल्व्ह काढला. ३५० रु." पोलादपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याशा गॅरेजमध्ये केलेलं काम. आईंना तो दिवस आठवत होता. मिस्त्री म्हणाला होता, आता ही गाडी कधीच तापणार नाही. शब्दाला जागला म्हणायचा.

त्या ओळीनंतरच्या नोंदी आठाच्या खाली घसरत गेल्यात. मग २०२० आलं, गाडी महिनोन्‌महिने झाकून उभी राहिली, आणि परत चालायला लागली तेव्हा जुना आकडा कुणाच्या डोक्यातच नव्हता.

या तारखेमुळे आणखी एक निकाल लागला. ॲव्हरेजची सगळी घट ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलच्या नावावर टाकायची सध्या फॅशन आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा वीस टक्के मिसळल्यावर फरक पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ई२० वर ६ ते ७ टक्के घट होऊ शकते. आमची त्याच पिढीतली. म्हणजे लिटरमागे अर्धा किलोमीटर ई२० च्या नावावर मी बिनतक्रार लिहिते, तक्रार करून काही होणारही नाही. पण ई२० पंपांवर यायला लागलं २०२३ मध्ये. आमची घसरण २०१९ ची. अण्णांच्या डायरीने इथेनॉलला त्या आरोपातून बऱ्यापैकी सोडवलं. 'शंभर ऑक्टेनचं टाकून बघा' असंही एकाने सुचवलं. ज्या इंजिनची जुळणी त्यासाठी नाही, त्याला ऑक्टेनचा काय फायदा? खिसा तेवढा हलका होतो.

नवा थर्मोस्टॅट, रिंग, ताजं कूलंट आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. मात्र त्याआधी मेकॅनिकने गाडी मुळात का तापली होती ते तपासलं, आणि ते योग्यच. रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप, गळती, सगळं बघितलं. रेडिएटर २०२१ मध्ये बदललेला होता, म्हणजे मूळ दुखणं केव्हाच गेलं होतं. हे न बघता नुसता वॉल्व्ह घातला असता तर पुढच्या घाटात पुन्हा वाफ निघाली असती.

जाता जाता पुढचं डावं चाकही सापडलं. फ्रीवेवरून आल्यावर मी सहज रिमला बोट लावलं होतं. उजवं कोमट, डावं चटका बसेल इतकं गरम. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत, त्यातून आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीला हे होणारच. पिना साफ करून, ग्रीस लावून बसवल्या. गिअरबॉक्सचं तेल तपकिरी झालं होतं, तेही बदललं. त्याने ॲव्हरेज वाढलं का ते सांगता येत नाही, पण दुसरा गिअर पडताना बसणारा धक्का गेला.

आता फ्रीवेवर ८० ला काटा २,२५० वर स्थिर असतो आणि तापमान ८८ ला चिकटून. चार-पाच टाक्यांचा शहरातला आकडा ८.३. देवरुखच्या वाटेवर १३.१. अण्णांचे ९ परत येणार नाहीत. काही ई२० ने नेलं, काही वयाने, आणि काही वाटेतल्या मेट्रोच्या कामाने.

नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या खटपटीपेक्षा हायब्रिड घेऊ. ट्रॅफिकसाठी ती चांगली हे मला मान्य आहे, उभी राहिली की इंजिन बंदच. म्हणून मग कागद काढला. पेट्रोल १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास धरलं तर सात हजार किलोमीटरला ६.८ च्या हिशेबाने वर्षाला एक लाख सहा हजार जायचे. ८.३ ने सत्त्याऐंशी हजार जातात. हायब्रिडने मुंबईत अठरा दिले असं उदारपणे धरलं तरी चाळीस हजार जातीलच. म्हणजे वर्षाची बचत सत्तेचाळीस हजार, आणि तिच्यासाठी आज अठरा-वीस लाख मोजायचे. विम्याचा आकडा तर मी त्याला दाखवलाच नाही.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतील. आरसी रिन्यू करायची पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर, आणि फिटनेससाठी आरटीओची एक चक्कर. ती फी मी पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये टाकून ठेवलीय. सस्पेन्स खात्यात आता फक्त एसी उरलाय. मे महिन्यात आणि जानेवारीत एकाच रस्त्यावर टाक्या मोजल्याशिवाय त्याच्या नावावर मी काही लिहिणार नाही.